मशीन अडकलं नव्हतं

मशीन अडकलं नव्हतं. हे एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

अंबरनाथची फिल्म सोसायटी बंद करायचं ठरलं तेव्हा जुने सभासद एका संध्याकाळी जमले. घरोघर केबल आली होती, निम्मे सभासद रिटायर होऊन पुण्याला नाहीतर मुलांकडे गेले होते, आणि ज्या सोव्हिएत देशाचे सिनेमे आम्ही दाखवायचो तो देशच उरला नव्हता. मला आमंत्रण होतं, पण खरं आमंत्रण माझ्या प्रोजेक्टरला होतं. त्याला स्टेजवर टेबल मिळालं, झेंडूचा हार मिळाला. मी मागे भिंतीला टेकून उभा.

भाषणं चालली होती. एक गृहस्थ माईकवर आले आणि म्हणाले, "आणि तो रशियन पिक्चर आठवतो ना? फलाटाच्या सीनला मशीन अडकलं, आणि आपले काही लोक त्यालाच कला समजून बघत बसले!"

हॉल हसला. शेजारच्यानं हसता हसता माझ्या पाठीवर थाप मारली. "काय शेठ, मेड इन यूएसए!"

उल्हासनगरच्या नकली मालाला आमच्याकडे यूएसएचा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, माल म्हणतात. मी सगळा जन्म उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये धंदा केला, हा विनोद ऐकून ऐकून कानाला घट्टे पडले. तरी त्या संध्याकाळी कानशिलं तापली. मी बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि माझी भांडणं कशी होतात ते कॅम्प तीनमध्ये कुणालाही विचारा. गप्प बसायचं कारण वेगळं होतं. त्यांच्याकडे साक्षीदार होता. तो मीच. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, मी एकदा माझ्या तोंडानं म्हटलं होतं की मशीन अडकलं होतं.

ते का म्हटलं, हे त्यांच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही.

*

आम्ही बदलापूरचे, हेंद्रेपाड्यातले. बाप शहाडच्या एका कारखान्यात कामाला होता, तो लवकर गेला. मागे आई, थोरला भाऊ आणि मी. आई मूळची घाटावरची, बोली तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. दादा देखणा, बोलका. वस्तीतल्या बुद्धविहारात जयंतीला भाषण करायला उभा राहिला की बायका पोरांना गप्प करायच्या. मी तापट. दादाच्या भाषणाआधी सतरंज्या घालायचं काम माझं.

एका एजंटानं दादाला जहाजावर नोकरी लावतो म्हणून सांगितलं. दादा निघाला. बदलापूर स्टेशनवर त्याला सोडायला आई आणि मी. पत्र्याची ट्रंक त्याच्या खांद्यावर, भाकऱ्यांचं फडकं आईच्या हातात. गाडी लागली. दादा पुढे झाला, आई फडकं द्यायला धावली आणि गाठ सुटली. भाकऱ्या फलाटावर पडल्या. ती गोळा करायला वाकली. मान वर केली तोवर गाडी हलली होती.

त्यानंतर दादाचं काहीही कळलं नाही. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि आम्हाला घरी पाठवलं. पत्र आलं नाही, निरोप आला नाही, वाईट बातमीही आली नाही. वाईट बातमी आली असती तर आईनं रडून घेतलं असतं.

ती त्याच्याबद्दल बोलायची नाही. फक्त कधीतरी भाकरी थापताना, हात थांबवून, समोरच्या भिंतीला विचारायची, "मागं वळून बघितलं असंल का रं त्यानं?"

मी तिथंच बसलेलो असायचो. स्टेशनवर मी तिच्या शेजारी उभा होतो. मी वाकलो नव्हतो. मी सगळं पाहिलं होतं. पण प्रश्न भिंतीला होता. भिंतीच्या वतीनं मी कशाला बोलू?

पुढे घर मी चालवलं. कॅम्प तीनमध्ये एका सिंधी मंडपवाल्याकडे वायरी ओढत मी धंदा शिकलो. माईक, लाइट, भोंगे. मग स्वतःचं दुकान. मग एका शाळेत पडून असलेलं सोळा एमएमचं प्रोजेक्टर घेतलं. घासाघीस करताना मी शाळेच्या फाटकापर्यंत उठून गेलो होतो, शिपाई बोलवायला मागे पळत आला. जयंतीला, गणपतीत, कॉलन्यांच्या पटांगणात खेळ करायला लागलो. परदेशी फिल्म असली की मशीनशेजारी उभं राहून मी माईकवर गोष्ट सांगायचो. खाली इंग्रजीत ओळी येतात, वस्तीत त्या वाचणार कोण? मी अर्ध्या वाचायचो, अर्ध्या जुळवायचो. लोक म्हणायचे, पिक्चरपेक्षा ह्याची बडबड चांगली.

आई कधी चांगलं म्हणाली नाही. नव्या स्टोव्हचं, नव्या पत्र्यांचं, कशाचंच. घरात जो होता तो तिला दिसत नव्हता. जो नव्हता त्याच्यासाठी तिनं खुंटी रिकामी ठेवली होती, आणि मी माझा सदरा दाराच्या कडीला अडकवायचो.

*

अंबरनाथची सोसायटी कारखान्यांतल्या ऑफिसर लोकांनी काढली होती. सेक्रेटरी एका केमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुंबईतल्या रशियन केंद्राकडून त्यांना फिल्मा मिळायच्या. रिळं मी आणायची, मी चालवायची, सोमवारी मी परत द्यायची.

रशियन पिक्चर आहे म्हटल्यावर पहिल्या खेळाला हॉल भरला. निम्मे लोक कलेसाठी आले होते आणि निम्मे दुसऱ्याच आशेनं. परदेशी फिल्मला कात्री लागत नाही असं कुणीतरी पसरवलं होतं. मी रीळ चढवत होतो तेव्हा एक जण खाली वाकून हळूच विचारून गेला, "शेठ, यात काही आहे का?"

"बर्फ आहे," मी म्हटलं.

खरंच बर्फच होता. एका गावातली एक बाई. तिचा मुलगा लढाईला जातो. ती विहिरीवर जाते, सरपण फोडते, ताट मांडते. हळूहळू दुसऱ्या आशेचे लोक चपला शोधायला लागले. कलेचे लोक ताठ बसले होते, पण मागून मला त्यांच्या माना दिसत होत्या. बऱ्याच माना छातीवर आल्या होत्या.

मग स्टेशन येतं. सैनिकांनी भरलेला फलाट. त्या गर्दीत एक पोरगा खांद्यावर लाकडी पेटी घेऊन पाठमोरा चालत जातो. डब्याच्या दाराशी पोचतो आणि मागे वळून बघतो. बस, एवढंच. गाडी जाते. वाफ विरते. आणि मग रिकामा फलाट उरतो. एक बाक, एक पाण्याची बादली, भिंत. कुणी येत नाही, काही हलत नाही. आवाजही बंद. पडद्यावर तो फलाट नुसता उभा राहतो. एवढा वेळ की माणसाला आपला श्वास ऐकू यायला लागतो.

"अडकलं!" कुणीतरी ओरडलं.

"ऑपरेटर! अहो, अडकलंय!"

मशीन फिरत होतं. खालचं रीळ भरत होतं, माझ्या बोटाखाली फिल्म सरकत होती. मी ओरडून म्हटलं, "पिक्चरच असं आहे!" तर सगळे हसले. सेक्रेटरी उठून तरातरा आले आणि त्यांनी लेन्सपुढे हात धरला. त्या रिकाम्या फलाटावर एक काळा पंजा उमटला, भिंतीएवढा. मग त्यांनी बटण बंद केलं.

दिवे लागले. त्यांनी मशीनकडे वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, ह्यांनी शिलाई मशीनचा पट्टा लावलाय प्रोजेक्टरला! मग अडकणार नाही तर काय होणार?"

पट्टा शिलाई मशीनचाच होता. आमच्या गल्लीत जीन्स शिवणाऱ्यांकडे तो मिळतो, आणि कंपनीच्या पट्ट्यापेक्षा जास्त टिकतो. मी म्हटलं, "साहेब, फिल्म अडकली की दिव्यानं जळते. भोक पडतं. जळलेलं दाखवा, मशीन इथंच फोडतो."

"आवाज खाली करा."

"आवाज माझा धंदा आहे. तुम्ही हात खाली करा."

पुढे मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात त्यांच्या शिक्षणाचा उल्लेख होता. खेळ तिथंच संपला.

*

रिळं सोमवारपर्यंत माझ्याकडे होती. अशा वेळी रविवारी मी आमच्या वस्तीत एक खेळ करायचो. एकदा आणलेली फिल्म दोनदा चालवायची हा माझा नियम होता. त्या वेळी तर मला राग होता. त्यांनी बंद केलेलं पिक्चर मला पुरं चालवायचं होतं.

रविवारी दुपारी विहारात खिडक्यांना गोणपाटं लावली, चादर बांधली. बाया पुढे, बाप्ये मागे, पोरं सगळीकडे. पहिल्या रिळातच बाप्ये उठून बिडी प्यायला गेले. एक जण जाता जाता म्हणाला, "फायटिंग आली की हाक मार." बाया मात्र बसल्या, कारण बाहेर ऊन होतं आणि आत बसायला मिळत होतं. त्या आपसात बोलत होत्या. "एवढ्या थंडीत हिला स्वेटर नाय का?" "सरपण वलं हाय तिचं, धूर बघ."

मी माईकवर गोष्ट सांगत होतो. स्टेशन आलं. तिथं खाली ओळी येतच नाहीत, म्हणून मीही थांबलो. पेटीवाला पोरगा चालत गेला, दाराशी पोचला, वळला.

पुढच्या रांगेत आई उठून उभी राहिली. तिच्या डोक्याची सावली चादरीवर पडली.

"आये, बस की," मागून कुणीतरी म्हणालं.

ती बसली नाही. गाडी गेली, फलाट रिकामा झाला. इथंही मागून एक पोरगं ओरडलंच, "पुढं पळव!" पण बायांपैकी कुणी काही बोललं नाही. आई त्या फलाटाकडे बघत उभी होती. चित्र बदलल्यावर खाली बसली.

घरी आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वळला बघ."

मला तिचा रागच आला. मी म्हटलं, "आई, तो रशिया आहे. लढाई माझ्या जन्माआधीची. तो दादा नाही."

"मला काय खुळी समजतोस?" ती म्हणाली. "बरफ दिसतो मला. आपला न्हाई त्यो, ठावं हाय. पर कुणाचा तरी हायच की." मग स्टोव्हला पंप मारता मारता, "वळला पर. पेटी खांद्यावर असताना वळायला जड जातं, तरी वळला."

त्या दिवसापासून तिचं ते भिंतीला विचारणं बंद झालं. तिनं दुसरं धरलं.

"ते पिच्चर परत कधी आणतोस?"

मंडपवाल्या शेठचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. त्यानं सोमवारी विचारलं, "साईं, कैसी थी रशियन पिक्चर?"

"एक गाड़ी जाती है."

"फिर?"

"फिर नहीं आती."

"और?"

"और खाली फलाट."

तो हसेल असं मला वाटलं होतं. पन्नास माणसांत टिंगल करणारा माणूस. त्यानं गल्ल्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "मेरी माँ को मत दिखाना, साईं." त्याचं कुटुंब फाळणीत कराचीहून बोटीनं आलं होतं. मागे कोण राहिलं, हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

*

आईचे डोळे आधीपासूनच जात होते, आम्हाला ते उशिरा कळलं. ती कडेच्या वस्तूंना धडकायला लागली. कॅम्प तीनच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. म्हणाला, कडा गेल्या आहेत, मधलं तेवढं राहिलंय, नळीतून बघितल्यासारखं. औषध घाला. गेलेलं येत नाही, राहिलंय ते किती दिवस राहील सांगता येत नाही.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मग ते पिच्चर लवकर आण."

एवढंच मागणं. बापाच्या माघारी तिनं माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट, आणि तीही दुसऱ्यासाठी. मी मुंबईला त्या केंद्रात गेलो. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की फिल्म फक्त सोसायटीच्या मागणीवर मिळते, आणि अंबरनाथच्या सोसायटीनं कळवलंय की ऑपरेटरचं मशीन सदोष असल्यानं खेळ रद्द झाला. तुमच्या हातात रीळ कसं द्यायचं?

मी अंबरनाथला सेक्रेटरींच्या बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात बसलो. चहाही व्हरांड्यात आला.

"तुम्ही मला लोकांसमोर काय काय बोललात," ते म्हणाले.

"मशीन अडकलं नव्हतं."

"मी केंद्राला तसं कळवलंय. आता ते खोटं होतं म्हणू? मग सोसायटीची अब्रू काय राहिली? पहिली रशियन फिल्म, आणि आम्हाला ती कळलीच नाही, असं म्हणतील."

"कळली नव्हतीच."

त्यांनी कप खाली ठेवला. मी जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा सौद्यात जीभ चावली असेन.

म्हटलं, "साहेब, पुढचे खेळ बिनभाड्यानं करतो. पट्टा कंपनीचा लावतो."

"भाड्याचा प्रश्न नाही. पुढच्या सभेत उभं राहून सांगा. मशीन सदोष होतं, चूक माझी होती, मी माफी मागतो. मग मी कळवतो की दुरुस्ती झाली, फिल्म पुन्हा द्या."

गिऱ्हाईक अडलंय हे समोरच्याला कळलं की सौदा संपला, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. ते माझ्या तोंडावर लिहिलेलं त्यांना दिसत असणार. तरी मी घासाघीस केली. माफी काढून टाकली. त्यासाठी उठून फाटकापर्यंत गेलो, पण इथं शिपाई मागे पळत आला नाही, मीच परत आलो. 'चूक माझी' हे काढून टाकलं. 'सदोष' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही म्हटलं, तो गेला. शेवटी तीन शब्द राहिले. मशीन अडकलं होतं. त्याच्या खाली ते येईनात.

सभेत मी उभा राहिलो. तीन शब्द बोललो. कुणीतरी टाळी वाजवली. सेक्रेटरी म्हणाले, "छान, मनाचा मोठेपणा लागतो." मी मुठी खिशात घातल्या आणि स्टेशनपर्यंत त्या बाहेर काढल्या नाहीत.

*

दुसऱ्या खेळाला केंद्रातून एक रशियन बाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, सुती साडी नेसलेल्या. हिंदी शुद्ध बोलायच्या, फक्त जिथं थांबू नये तिथं थांबायच्या. खेळाआधी त्यांनी सांगितलं की ह्या सिनेमात एका ठिकाणी रिकामा फलाट फार वेळ दिसतो. आमच्याकडेही पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते, समझे कि मशीन ख़राब है. वरच्या लोकांनाही आवडला नव्हता, मोठ्या थिएटरात लागलाच नाही, गावाकडच्या क्लबांत फिरवला.

मी मागून सेक्रेटरींच्या मानेकडे बघत होतो. मान एकदा माझ्या दिशेनं थोडी वळली आणि परत सरळ झाली.

खेळ झाला. फलाट आला तेव्हा सगळे शाळेतल्या पोरांसारखे शांत बसले. संपल्यावर टाळ्या वाजल्या. "काय संयम आहे!" असं सेक्रेटरी बाईंना म्हणाले. पट्टा शिलाई मशीनचाच होता. तो बदलला की नाही हे बघायला कुणी वाकलं नाही, आणि माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. आता म्हणतील, मग म्हणतील, म्हणून मी वायर गुंडाळायला उगाच वेळ लावला.

चहाच्या वेळी बाईच माझ्याकडे आल्या. मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "आपने आवाज़ ठीक रखी. उस जगह लोग आवाज़ बढ़ा देते हैं."

मी त्यांना विचारलं, तो पेटीवाला पोरगा कोण? ॲक्टर?

त्या म्हणाल्या, नाही. ती गर्दी खरी आहे. लढाईच्या वेळी कुणी कॅमेरावाल्यानं खरोखर जाणारी गाडी टिपली होती, दिग्दर्शकानं तो तुकडा शोधून आत जोडला. रिकामा फलाट तेवढा त्यानं नंतर काढला. पोरगा कोण, कुणाला ठाऊक नाही. गावाकडच्या क्लबांत शिट्ट्या मारणारे गेले तरी म्हाताऱ्या बायका बसून राहायच्या. दुसऱ्या दिवशी परत यायच्या. पडद्याजवळ जाऊन एकेक तोंड बघायच्या.

"मिला किसी को?" मी विचारलं.

त्या थांबल्या. जिथं थांबू नये तिथं नाही, ह्या वेळी थांबायलाच हवं होतं. "हर एक को मिला," त्या म्हणाल्या. "वही एक लड़का. सबको वही."

रिळं सोमवारी परत द्यायची होती. मी त्यांना सांगितलं की उद्या एक खेळ घरच्यासाठी करणार आहे. नियमात बसत नव्हतं. त्यांनी विचारलं, घरी कोण आहे. मी म्हटलं, आई. त्यांनी मान हलवली आणि ते ऐकलंच नाही असं दाखवून चहा संपवला.

*

ह्या वेळी विहारात बायांना बोलावलं नाही. गोणपाटं लावली, चादर बांधली आणि आईला हाताला धरून नेलं. पांढरं लुगडं नेसली होती, वंदनेला नेसायची तसं. मी खुर्ची पुढे ठेवली, तिनं ती आणखी पुढे ओढली. अर्धं पिक्चर तिनं मान इकडून तिकडे फिरवत पाहिलं, अंधाऱ्या खोलीत बॅटरी फिरवावी तसं.

मी माईक आणला नव्हता. साध्या आवाजात म्हटलं, "आई, स्टेशन आलं."

ती उठली आणि चादरीपाशी गेली. पार जवळ, नाक टेकेल इतकी. मी ओरडणार होतो, मागे हो, काही दिसणार नाही. पण तिला तेवढंच दिसत होतं, नळीएवढं, आणि त्या नळीत ती एकेक तोंड शोधत होती. सैनिक तिच्या खांद्यांवरून चालत होते. मग पेटीवाला पोरगा आला. तो चादरीवर आलाच नाही. ती मध्ये उभी होती. तो तिच्या पाठीवरून चालत गेला, पांढऱ्या लुगड्यावरून, चुण्यांमधून, आणि तिच्या मानेच्या खाली, जिथं डब्याचं दार होतं, तिथं तो वळला. तिच्यापुढे चादरीवर नुसती तिची सावली होती.

"आला का रं?" तिनं न वळता विचारलं.

"आला."

"मला न्हाई गावला. वळला का?"

बदलापूर स्टेशनवर दादा वळला नव्हता. ट्रंक आत ढकलून तो चढला आणि आतल्या कुणाशी तरी हसत बोलायला लागला. ते हसणं मी एकट्यानं पाहिलं, आणि एवढी वर्षं एकट्यानं सांभाळलं. घरात दुसरं कुणी पेलणारं नव्हतं.

"वळला," मी म्हटलं.

मग म्हटलं, "रीळ मागे घेतो, परत दाखवतो. खुर्चीत बस, थोडी लांब, मग दिसेल."

"नगं. तू बघितलास न्हवं?"

"बघितला."

"मग झालं."

एवढ्या वर्षांत मी बघितलेलं तिला पुरलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. गाडी निघून गेली, वाफ विरली. रिकामा फलाट तिच्या पाठीवर आणि चादरीवर पसरला, बाक, बादली, भिंत. तिनं हात वर करून तळवा चादरीवर टेकवला आणि तसाच ठेवला. मी मशीनपाशी उभा होतो. खालचं रीळ भरत होतं, पट्टा फिरत होता, माझ्या बोटाखाली फिल्म सरकत होती, आणि समोर काहीच हलत नव्हतं.